जामीन म्हणजे निकाल नव्हे

भारतातल्या एखाद्या पुढाऱ्याला जामीन मिळाल्याची बातमी आली की आपल्या मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "सुटला! पैसा असला की काय होत नाही?" दुसरा म्हणतो, "बघा, मुळात केसच खोटी होती." कोण कुठल्या बाजूला, हे बहुधा पुढाऱ्याच्या पक्षावर ठरते. गंमत अशी की दोघांचीही समजूत एकच असते : जामीन म्हणजे जणू अर्धा निकाल. पण अलीकडचे काही गाजलेले जामीन पाहिले तर आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाने म्हटलेलेच नाही. खटला नजीकच्या काळात संपण्याची चिन्हे नाहीत, एवढेच म्हटले आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तामिळनाडूच्या सेंथिल बालाजी यांचेच प्रकरण घ्या. २०११ ते २०१५ या काळात ते अण्णाद्रमुकच्या सरकारात परिवहनमंत्री होते. एस. टी.सारख्या तिथल्या सरकारी महामंडळांत नोकऱ्या देण्यासाठी पैसे घेतले गेले, असा आरोप त्या काळाबद्दलचा आहे. पुढे ते द्रमुकमध्ये गेले, २०२१ साली पुन्हा मंत्री झाले, आणि १४ जून २०२३ रोजी सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, त्यांना अटक केली. सव्वा वर्षाने, २६ सप्टेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने त्यांना जामीन दिला. (न्या. ओक हे मूळचे मुंबई उच्च न्यायालयाचे.) त्याच निकालपत्रात, बालाजींविरुद्ध सकृद्दर्शनी काहीच नाही असे म्हणणे या टप्प्यावर कठीण आहे, असेही नमूद आहे. मग जामीन कशासाठी?

इथे थोडा कायदा पाहावा लागेल. साध्या गुन्ह्यात जामीन देताना न्यायाधीश मुख्यतः हे पाहतात की माणूस पळून जाईल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्यात, म्हणजे पीएमएलएमध्ये, कलम ४५ आडवे येते. सरकारी वकिलाने विरोध केला तर आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, आणि तो बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. खटला सुरू होण्याआधीच तो जवळजवळ जिंकून दाखवा, असा हा मामला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी घटनाबाह्य ठरवल्या. आपले छगन भुजबळ मार्च २०१६ पासून याच कायद्याखाली तुरुंगात होते. त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये जामीन दिला. संसदेने २०१८ सालीच कलम दुरुस्त करून घेतले आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अटी वैध ठरवल्या.

अटी इतक्या कडक असतील तर खटला तरी झटपट चालायला हवा. चालतो कसा? ईडीचा खटला नेहमी दुसऱ्या एका मूळ गुन्ह्यावर उभा असतो, आणि मूळ गुन्ह्यात आरोपी सुटला तर ईडीचा खटलाही कोसळतो. त्यामुळे मूळ खटला संपल्याशिवाय याचा निकाल लागू शकत नाही. (आमच्या धंद्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याची वाट पाहत अडकून बसतो, त्यातलाच प्रकार.) बालाजींच्या बाबतीत तीन मूळ खटल्यांत मिळून दोन हजारांवर आरोपी आणि सहाशेहून अधिक साक्षीदार होते. या सगळ्यांना बसवायला क्रिकेटचे स्टेडियमच लागेल, अशा अर्थाचा शेरा २०२५ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने मारला.

आपण नुसता हिशेब करून पाहू. एका साक्षीदाराला एकच दिवस लागला आणि महिन्याला दोन दिवस मिळाले, तरी सहाशे साक्षीदारांना पंचवीस वर्षे लागतात. पीएमएलएखाली अशा गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षांची! निकाल येईपर्यंत आरोपीला आत ठेवायचे तर शिक्षा आधी आणि दोष ठरवणे मागाहून, असा उफराटा प्रकार होतो. जामिनाच्या कडक अटी आणि रेंगाळणारा खटला या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा आहे.

ही वाट पुढाऱ्यांसाठी काढलेली नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीब नावाच्या आरोपीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. केरळात एका प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या भयंकर गुन्ह्याचा आरोप त्याच्यावर होता, आणि लागू केलेला यूएपीए हा कायदाही पीएमएलएइतकाच कडक. तो पाच वर्षांवर तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. कायदा कितीही कडक असला तरी जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कापुढे त्याची धार बोथट होते, असे म्हणून न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला.

पण उशीर करतो कोण? आरोपीच तारखा मागून घेतो, असे आपण ऐकतो, आणि कित्येकदा ते खरेही असते. परंतु दिल्लीच्या मनीष सिसोदिया यांच्या प्रकरणात खटला सहा ते आठ महिन्यांत संपेल, असे आश्वासन ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारपक्षानेच दिले होते. ९ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांना जामीन मिळाला तेव्हा सतरा महिने तुरुंगात गेले होते, साक्षीदारांची यादी ४९३ जणांची होती आणि खटला सुरूही झालेला नव्हता. शेकडो साक्षीदारांची यादी फिर्यादी पक्ष करतो, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा सरकारे ठेवतात. त्याचे बिल आरोपीच्या नावावर का फाडायचे?

अमेरिकेत फेडरल खटला ७० दिवसांत उभा राहावा असा १९७४ चा कायदा आहे. त्यातून वगळले जाणारे दिवस पुष्कळ असतात, पण मुदत खरोखर उलटली तर खटला रद्द होतो. भारतात असे वेळापत्रक घालून द्यावे का, हा प्रश्न १९९१ सालीच पाच न्यायमूर्तींपुढे आला होता, आणि तोही एका मराठी पुढाऱ्याच्या खटल्यात. सिमेंट प्रकरणामुळे १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागलेले बॅ. अंतुले यांचे ते प्रकरण, आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जलद खटला हा हक्क आहे, पण वर्षांची ठराविक मर्यादा घालता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. २००२ साली सात न्यायमूर्तींनीही तेच म्हटले. त्यामुळे रेंगाळलेल्या खटल्यावर भारतात हाताशी असलेला मोठा उपाय म्हणजे जामीन.

त्याचाही गैरफायदा घेता येतो. जामिनानंतर तीनच दिवसांनी, २९ सप्टेंबर २०२४ रोजी, बालाजी पुन्हा मंत्री झाले. ज्या राज्यात साक्षीदार नोकऱ्या करतात तिथलाच मंत्री आरोपी! न्यायालयालाही हे रुचले नाही. मंत्रिपद की स्वातंत्र्य, काय ते ठरवा, असे एप्रिल २०२५ मध्ये बजावल्यावर त्यांनी राजीनामा दिला. मला तर वाटते की अशी अट जामिनाच्या दिवशीच घालायला हवी होती.

मला मात्र जास्त बोचते ते निराळेच. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. त्यांचा वकील दिल्लीपर्यंत पोचत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४७९ आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ, आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे, असे ते सांगते. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, हे समजण्यासारखे आहे. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरीही सवलत नाही. किरकोळ चोरीच्या तीन केसेस अंगावर असलेला पोरगा त्यामुळे बाहेरच राहतो, म्हणजे कलमाच्या बाहेर, आणि तुरुंगाच्या आत.