काळ्या मातीसाठी कोणती ट्रेल बाईक?

अकोला-अमरावतीकरांनो, पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती चाकाला चिकटली की पॉवर नाही, वजन महत्त्वाचं.

🏍️ एक्सपल्स २०० ४व्ही : सुमारे १५८ किलो, पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी.
🏍️ केएलएक्स २३० : १३९ किलोच, पण सीट ८८० मिमी उंच.
🏍️ हिमालयन ४११ : जवळपास २०० किलो. परतवाडा-चिखलदरा घाटात मस्त, चिखलात जड.

बदल थोडेच करा :
✅ बटन टायर
✅ पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान. चढाला जोर वाढतो, टॉप स्पीड घटतो
✅ बॅश प्लेट, हँडगार्ड
✅ उंच मडगार्ड, म्हणजे माती अडकत नाही
✅ सोबत जास्तीची ट्यूब

❌ फटाके फोडणारा सायलेन्सर नकोच. बेकायदा आहे, शिवाय पुढे मेळघाट, वाघाचं घर!

तुमची गाडी कोणती? सांगा.