मधुमेह आणि शाळेतील मूल

वारंवार लघवीची परवानगी मागणारे, सारखे पाणी पिणारे आणि पोटभर जेवूनही वाळत जाणारे मूल कामचुकार आहे, असे शिक्षकाने समजू नये. ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. पालकांस बोलावून त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घेण्यास सांगावे. विलंब जिवावर बेततो.

जठरामागील स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होते. त्यावाचून रक्तातील साखर शरीराच्या नीट उपयोगी पडत नाही. पहिल्या प्रकारात इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. हा बहुधा बालवयात वा तारुण्यात जडतो व त्यास इन्शुलिन टोचून घेण्यावाचून गत्यंतर नसते. १९२२ साली टोरांटोस चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते प्रथम टोचले गेले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असूनही पुरेसे कार्य करीत नाही. हा प्रौढांत अधिक आढळतो. गर्भारपणात उद्भवणारा मधुमेह निराळा. कुपोषणाशी निगडित मधुमेहास आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली.

यवतमाळ जिल्ह्यात सिकलसेलही आढळतो. अशा रुग्णांत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी फसवी ठरू शकते. म्हणून डॉक्टरांस ते आधी सांगावे.

इन्शुलिन घेणाऱ्या मुलास घाम वा कंप सुटल्यास तत्काळ साखर द्यावी. शुद्ध हरपल्यास मात्र तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. झाडपाल्याच्या भरवशावर इन्शुलिन बंद होऊ नये, हे पालकांस पटविणे शिक्षकासच साधेल.