गाय उलटली, दोष कोणाचा?



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. घरचा रोजचा खर्च मात्र दुधाच्या बिलावर चालतो. म्हणून गोठ्यातली गाय वेळेवर गाभण राहणे ही आपल्या प्रपंचाची गरज आहे. गाय एकदा उलटली की २१ दिवस गेले. तीनदा उलटली की ६३ दिवस, म्हणजे दोन महिन्यांवर काळ वाया गेला. एवढ्या दिवसांची वैरण, पेंड आणि मजुरी अंगावर पडते आणि पुढचे वेत तेवढेच लांबते.

अशा वेळी आपल्याकडे निकाल झटपट लागतो. "गायच खोडीची आहे, बाजार दाखवा." पुष्कळदा चांगल्या दुधाची, निरोगी गाय अशी दावणीवरून उतरते. पण गर्भ राहण्यात निम्मा वाटा गायीचा, तर निम्मा वळूचा असतो. कालवड होणार की खोंड, हेसुद्धा वळूकडून आलेला शुक्रजंतूच ठरवतो; त्यात गायीचा काही हात नसतो. तरी वळूच्या बाजूचा हिशेब आपण कधी मांडत नाही. तो आज मांडून पाहू.

शुक्रजंतूचे काम

वळूच्या वृषणात एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात. त्यानंतर आठ-दहा दिवस तो वृषणालगतच्या नळीत पक्व होतो आणि तेथेच त्याला पोहण्याची ताकद येते. हे सर्व काम शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड जागी चालावे लागते. वृषणे शरीराबाहेर लोंबती असतात ती याचसाठी. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या किंवा ज्वर येऊन गेलेल्या वळूच्या रेतात त्याची इजा पुढे दोन महिन्यांपर्यंत दिसत राहू शकते. वळू मात्र तोपर्यंत वरून ठणठणीत दिसतो.

शुक्रजंतूचे तीन भाग असतात. डोक्यात बापाकडचा वारसा असतो आणि डोक्यावर टोपीसारखे आवरण असते. मधल्या भागात ताकद तयार होते, तर शेपटीने तो पोहतो. गर्भाशयात पडला म्हणजे तो लगेच फळवायला तयार झाला, असे मात्र नाही. गायीच्या अंगातील स्रावांत काही तास राहिल्यावरच तो त्या कामाला लायक होतो. ही गोष्ट १९५१ साली अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली. पुढे त्याला बीजांड गाठायचे, डोक्यावरच्या टोपीतला रस सोडून बीजांडाच्या आवरणातून वाट काढायची आणि शेवटी बीजांडाशी एकजीव व्हायचे. यातली एक पायरी चुकली तरी गाय उलटली!

सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा दोष

आपल्याकडे गोठित रेतमात्रेसाठी नियम ठरलेले आहेत. पाव मिलिलिटरच्या कांडीत दोन कोटी शुक्रजंतू असावेत आणि कांडी वितळवल्यावर त्यांतले निदान निम्मे चपळ हालचाल करणारे असावेत. मान्यताप्राप्त केंद्रावर रेताची प्रत्येक खेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच पुढे जाते. ही तपासणी मोलाची आहे. तिच्यामुळे अधू, मेलेले, वाकड्या शेपटीचे रेत बाहेरच राहते.

पण ही तपासणी पुरेशी आहे का? जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या फ्लेकफी जातीच्या गुरांवर झालेले संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ७,९६२ वळू आणि त्यांच्या रेताने झालेली १ कोटी ५३ लाख कृत्रिम रेतने यांचा हिशेब मांडला होता. त्यातून ४० वळू असे निघाले की त्यांच्या रेताने केलेल्या ३५,६७१ रेतनांपैकी शेकडा फक्त १.७ यशस्वी झाली होती. म्हणजे शंभर गाई भरवल्या तर जेमतेम दोन फळल्या! नवल असे की सूक्ष्मदर्शकाखाली या वळूंच्या रेतात काही वावगे दिसत नव्हते. शुक्रजंतू भरपूर होते, चांगले पोहत होते आणि दिसायलाही ठीक होते.

शोध घेता कळले की या वळूंना आई आणि बाप दोन्हींकडून एकच सदोष जनुक आलेला होता. त्यामुळे त्यांच्या शुक्रजंतूंच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन मुळी तयारच होत नव्हते. शास्त्रज्ञ त्याला टीएमईएम-९५ म्हणतात. पुढे २०२० साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की हे प्रथिन नसेल तर शुक्रजंतू बीजांडापर्यंत पोचतो, पण त्याच्याशी एकजीव होऊ शकत नाही. दारापर्यंत गेला, पण किल्लीच नाही, अशी गत!

आता या रेताने भरवलेल्या हजारो गाईंचा विचार करा. त्या गाईंचा काहीही दोष नव्हता. एकेकट्या गोठ्यात मात्र एवढेच दिसले असणार, की गाय उलटली.

एकट्याला कळत नाही, सर्वांना मिळून कळते

या संशोधनातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. वळूची शेवटची परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही, ती तुमच्या-आमच्या दावणीला होते. आणि तिचा निकाल एका गोठ्यात लागत नाही.

थोडे गणित करू. समजा वळू चांगला आहे आणि दर खेपेस निम्म्या गाई फळतात. आठ गाई भरवल्या तर पहिल्या खेपेस चार उलटतील. त्या चारांतल्या दुसऱ्या खेपेस दोन उलटतील आणि तिसऱ्या खेपेस एक. म्हणजे कोणाचाच दोष नसताना आठांतली एक गाय तीनदा उलटणार. ती नेमकी आपल्या गोठ्यात असली तर आपण गायीला, डॉक्टरला किंवा नशिबाला बोल लावणार. उलट वळूच सदोष असला तरी दोन गाईंच्या धन्याला दिसणार तेच, की गाय उलटली. दोन गाईंवरून काही सांगता येत नाही. पण गावात एकाच वळूच्या २०० कांड्या लागल्या आणि त्यांची नोंद असली, तर चांगल्या वळूने शंभराच्या आसपास गाई फळलेल्या दिसतील. त्या जर्मन वळूंसारखा असेल तर तीन-चार. मग सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागणार नाही.

उसाचेही तसेच आहे. बेण्याचा एक डोळा उगवला नाही म्हणून आपण बेणे फेकत नाही. पण सगळ्या सरीत नांगे पडले तर बेण्याची चौकशी करतो. वळू हे गोठ्याचे बेणेच आहे.

सहकाराने हे काम फार पूर्वी करून दाखवले आहे. डेन्मार्कमधील साम्सो बेटावरच्या शेतकऱ्यांनी १९३६ साली कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था काढली. पहिल्याच वर्षी तिच्याकडे १,०७० गाईंची नोंदणी झाली आणि त्यांतल्या शेकडा ५९ फळल्या. त्याच कळपांत नैसर्गिक संयोगाने जेवढ्या फळत, त्यापेक्षा हे प्रमाण थोडे सरसच होते. हे छातीठोकपणे सांगता आले, कारण प्रत्येक गायीची नोंद होती. ते काम पाहून अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात १९३८ साली तशीच सहकारी संस्था निघाली.

आपण काय करावे?

१. गाय भरवली की कांडीवरचा वळूचा क्रमांक विचारून घ्यावा आणि लिहून ठेवावा. तारीख, माजाची वेळ आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांकही लिहावा. रिकामी कांडी फेकून न देता वहीत चिकटवली तरी चालेल.

२. गाय उलटली तर तेही लिहावे. नुसते भरवल्याचे लिहिले आणि निकाल लिहिला नाही, तर ती नोंद अर्धीच राहते. अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्यावी.

३. गावच्या दूध संस्थेत एक सामाईक नोंदवही असावी. दर तीन महिन्यांनी वळूवार बेरीज करावी. एखाद्या क्रमांकापुढे उलटलेल्याच गाई दिसू लागल्या, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. एकट्याच्या तक्रारीपेक्षा पन्नास जणांच्या नोंदीला वजन असते.

४. कांडीतला जीव जपावा. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढलेली कांडी ३७ अंश कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरावी आणि कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंबही शुक्रजंतूंना मारक ठरतो. त्यानंतर ती लगेच वापरावी. खिशात किंवा मुठीत धरून वितळवलेल्या कांडीवर भरवसा ठेवू नये. हे काम रेतन करणाऱ्याचे असले तरी कोमट पाणी आणि घड्याळ तयार ठेवणे आपले काम आहे.

५. वेळ साधावी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे. शुक्रजंतूला तयार व्हायला काही तास लागतात आणि बीजांड थोडेच तास टिकते. दोघांची गाठ पडावी म्हणून हा नियम आहे.

६. गावातला मोकाट वळू फुकट पडतो असे वाटते. पण त्याच्या रेताची तपासणी नाही, नोंद नाही आणि सांसर्गिक गर्भपातासारखा रोग तो गोठ्यागोठ्यातून नेऊ शकतो.

गायीच्या बाजूचाही हिशेब अर्थातच चोख हवा. हंगामात नुसत्या वाढ्यावर गाय ठेवली तर तिला चुना-खनिजे कमी पडतात आणि माजही मुका जातो. हिरवी द्विदल वैरण आणि क्षारमिश्रण दिल्याशिवाय वळूला नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला पोचत नाही.

कारखान्यावर आपला ऊस काट्यावर चढतो, पावती मिळते आणि टनाटनाचा हिशेब लागतो. पावती नसती तर वजनाबद्दल भांडता तरी आले असते का? गोठ्यातही तसाच काटा आणि तशीच पावती हवी. चार आण्याच्या पेन्सिलीचे काम आहे, पण त्यावर एखादी चांगली गाय बाजारात जाण्यापासून वाचू शकते. तरी सर्व सभासदांनी आपल्या गोठ्यात आजच एक वही टांगावी, ही विनंती.