व्हेरिएबलचा मालक कोण?

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचे जनक जॉन मॅकार्थी यांनी १९७८ साली तिचा इतिहास सांगताना एक गोष्ट आडपडदा न ठेवता नोंदवली. सुरुवातीच्या लिस्पमधला डायनॅमिक स्कोप ते निव्वळ बग समजत होते आणि सहकारी स्टीव्ह रसेल तो लवकरच काढतील, अशी त्यांना खात्री होती. रसेल यांनी 'फनार्ग' नावाची तोड काढलीही, पण मूळ दुखणं राहिलं ते राहिलंच. एमआयटीत जन्मलेल्या या भाषेच्या काही शाखांमध्ये तो बग पुढे अर्धशतक नांदला. अर्धशतक टिकणारा बग कुणाच्या तरी उपयोगी पडत असला पाहिजे, हे उघड आहे. तरीही माझं मत असं की वाद उपयुक्ततेचा नव्हताच. न सांगता काय गृहीत धरायचं, याचा तो वाद होता.

स्कोप म्हणजे व्हेरिएबलच्या नावाचा अंमल कुठवर चालतो ते. समजा, एका फंक्शनला १० हा आकडा 'एन' या नावाने दिला आणि १, २, ३ या यादीतल्या प्रत्येक आकड्यात 'एन' मिळवायला सांगितलं. यादीवरून फिरण्याचं काम दुसऱ्या कुणी लिहिलेलं फंक्शन करतं आणि त्याने आपल्या शून्यापासून चालणाऱ्या मोजणीलाही 'एन' हेच नाव दिलेलं आहे. लेक्सिकल स्कोपमध्ये बेरजेच्या ओळीतला 'एन' ती ओळ जिथे लिहिली तिथला, म्हणून उत्तर ११, १२, १३. डायनॅमिक स्कोपमध्ये त्या क्षणी ज्याने 'एन' सर्वांत शेवटी बांधला त्याचा शब्द चालतो आणि हाती येतं १, ३, ५. एररही दिसत नाही. दोन्ही फंक्शनं आपापल्या जागी बिनचूक असतात. चूक दोघांनी योगायोगाने एकच नाव निवडल्याची असते. म्हणजे दुसऱ्याचं फंक्शन वापरायचं तर त्याने आत कोणती नावं ठेवलीत हेही माहीत हवं. मग लायब्ररीला अर्थ काय राहिला?

डायनॅमिक स्कोपच्या बाजूने सांगितलं जाई की तो राबवायला सोपा आणि वेगवान आहे. इंटरप्रिटरपुरतं ते खरं होतं. पण मॅकलिस्प या लिस्पच्या शाखेत इंटरप्रिटर डायनॅमिक नियम पाळायचा आणि कंपायलर मात्र 'स्पेशल' न म्हटलेलं व्हेरिएबल स्थानिक धरायचा. तोच प्रोग्राम कंपाइल केल्यावर वेगळा वागू शकत असे. वेगासाठी कंपायलरला डायनॅमिक नियम सोडावा लागतो, यातच त्या दाव्याचं उत्तर आलं. गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी १९७५ मध्ये स्कीम ही लिस्पची शाखा लेक्सिकल नियमावर उभी केली आणि १९७८ च्या 'रॅबिट' कंपायलरने हा नियम कार्यक्षमपणे राबवता येतो हे दाखवून दिलं.

रिचर्ड स्टॉलमन यांचा आक्षेप मात्र जड आहे. ईमॅक्स या एडिटरवरच्या १९८१ च्या लेखात त्यांनी डायनॅमिक स्कोपची बाजू ठामपणे मांडली: मूळ लेखकाला न सुचलेला बदल वापरणाऱ्याला करता यायला हवा. शोध घेताना लहान-मोठी अक्षरं एकच मानायची की नाही, हे ईमॅक्समध्ये 'केस-फोल्ड-सर्च' हे व्हेरिएबल ठरवतं. ते तात्पुरतं बदलून कुणाचंही फंक्शन बोलावलं की आतला शोध तसा वागतो. हेच लेक्सिकल नियमाने करायचं तर ती सूचना मधल्या प्रत्येक फंक्शनच्या हातातून खाली पोचवावी लागेल. हा त्रास खरा आहे आणि लेक्सिकलचे कट्टर पुरस्कर्ते तो उगाच झटकतात. पण या युक्तिवादातून काही मोजकी, जाहीर केलेली व्हेरिएबल्स डायनॅमिक हवीत एवढंच सिद्ध होतं. लूपमधली मोजणी जगजाहीर असण्याची गरज स्टॉलमन यांच्या उदाहरणातून कुठेच निघत नाही.

१९८४ च्या कॉमन लिस्पने नेमकी हीच वाटणी केली. एरवी सगळं लेक्सिकल. डायनॅमिक हवं ते आधी घोषित करायचं आणि प्रथेनुसार नावाच्या दोन्ही टोकांना तारा लावायचा, म्हणजे वाचणाऱ्याला धोका दुरूनच दिसतो. आकडे कोणत्या पायात छापायचे हे ठरवणारं व्हेरिएबल तिथे आजही डायनॅमिक आहे, आणि ते योग्यच आहे. क्लोजर या लिस्पच्या आणखी एका शाखेने २०११ मध्ये १.३ आवृत्तीत हाच रस्ता धरला. ईमॅक्सच्या लिस्पला तिथवर यायला सर्वांत उशीर लागला. २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीत लेक्सिकल नियमाची सोय झाली, तीही फाइलच्या पहिल्या ओळीत तसं लिहिलं तरच, कारण जुना कोड मोडून चालणार नव्हतं. 'केस-फोल्ड-सर्च' अजूनही डायनॅमिकच आहे. आणि २०२५ मध्ये आलेल्या तिसाव्या आवृत्तीचा कंपायलर पहिल्या ओळीत स्कोपचा उल्लेख नसेल तर इशारा देतो.