परदेशस्थ प्रतिवादीवर समन्स कसे बजावले जाते?

न्यायालयात दावा दाखल झाला, परंतु प्रतिवादी परराज्यात किंवा परदेशात राहत असेल, तर त्याच्यापर्यंत समन्स पोहोचविणे ही खटल्यातील पहिली कसोटी ठरते. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यावयाचा, त्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व त्यामागे आहे.

देशांतर्गत प्रकरणी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम २८ लागू होते. सांगलीच्या न्यायालयाचे समन्स बंगळुरूच्या न्यायालयाकडे पाठविल्यास, ते जणू स्वतःचेच आहे असे मानून ते न्यायालय बजावणी करते. बजावणीचा अहवाल कन्नडमध्ये असल्यास त्यासोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो.

परदेशाबाबत मात्र त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न येतो. यासाठी १५ नोव्हेंबर १९६५ रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. दिवाणी आणि व्यापारविषयक प्रकरणांपुरता असलेला हा करार भारतात १ ऑगस्ट २००७ पासून अंमलात आला. करारानुसार प्रत्येक देशात एक केंद्रीय प्राधिकरण असते. भारतात ही जबाबदारी विधी आणि न्याय मंत्रालयाकडे आहे. विहित नमुन्यातील विनंती आणि कागदपत्रे दोन प्रतींत संबंधित देशाच्या प्राधिकरणाकडे जातात. तेथील कायद्यानुसार बजावणी झाल्यावर तसे प्रमाणपत्र परत येते. जर्मनीसारखे देश औपचारिक बजावणीसाठी आपल्या भाषेतील अनुवाद मागतात. भारतात येणारी कागदपत्रे इंग्रजीत किंवा इंग्रजी अनुवादासह असावी लागतात.

परदेशातून थेट टपालाने कागदपत्रे बजावण्यास भारताने हरकत नोंदविली आहे. त्यामुळे एखाद्या परदेशी न्यायालयाची नोटीस केवळ पाकिटातून आली, तर तिच्या वैधतेविषयी प्रश्न उपस्थित होऊ शकतो. तरीही तिच्याकडे दुर्लक्ष न करता त्वरित विधिज्ञाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

संयुक्त अरब अमिरातीशी भारताने १९९९ मध्ये स्वतंत्र द्विपक्षीय करार केला असून, त्यात समन्स बजावणीची तरतूद आहे. फौजदारी प्रकरणांतील समन्सचा मार्ग वेगळा असून तो गृह मंत्रालयामार्फत जातो.

प्रतिवादीचा पत्ताच ठाऊक नसेल, तर हेग करार लागू होत नाही. म्हणूनच विवाहानंतर पतीने परदेशात सोडून दिलेल्या किंवा मायदेशी पाठविलेल्या स्त्रीच्या दृष्टीने त्याचा अचूक निवासी पत्ता, नोकरीचे ठिकाण आणि पारपत्राचा तपशील जपून ठेवणे अत्यंत महत्त्वाचे असते.

बजावणीतील उणीव पुढे महागात पडते. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते असे प्रतिवादीने सिद्ध केल्यास एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो आणि वर्षानुवर्षांचे श्रम वाया जातात. उलटपक्षी, येथील पत्नीला कोणतीही सूचना न देता परदेशात मिळविलेला घटस्फोट नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरत असल्याने, संहितेच्या कलम १३ अन्वये भारतीय न्यायालये तो नाकारू शकतात.