गणित अमरावतीत, परीक्षा कुठे?

औषधशोधाच्या नकाशावर अमरावतीचं नाव पाहून अनेकांना नवल वाटेल. इथल्या विद्या भारती महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ विजय मसंद यांनी २०१७ साली क्रोएशियाच्या व्हेस्ना रास्तिया यांच्यासोबत ‘पायडिस्क्रिप्टर’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. रेणूतल्या अणूंची मांडणी, त्यांच्यातली अंतरं, त्यांवरचा विद्युतभार, अशी अकरा हजारांहून अधिक मापं ती काढते. त्या मापांचा औषधी गुणाशी मेळ घालून, रेणू प्रत्यक्ष बनवण्याआधीच त्याच्या परिणामाचा अंदाज बांधायचा, हे ‘क्यूसार’चं शास्त्र. संगणक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर जिल्ह्याच्या गावी हे काम उभं राहतं, याचा मला अभिमान आहे. हेच गणित ओपिऑइड ग्राहींनाही, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं पेशीवर जिथे चिकटतात त्या प्रथिनांनाही, लावता येतं.

पण तिथे संगणकाचा अंदाज किती फसवा ठरू शकतो, हेही पाहिलं पाहिजे.

मॉर्फिन मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ‘म्यू’ ग्राहीला चिकटतं आणि वेदना शमते. श्वास चालवणाऱ्या केंद्रातही हाच ग्राही असतो, म्हणून मात्रा वाढली की श्वास मंदावतो आणि रोगी दगावू शकतो. ‘बीटा-अरेस्टिन २’ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मॉर्फिनने वेदना जास्त शमते असं १९९९ साली दिसलं. त्यांचा श्वासही कमी मंदावतो अशी नोंद २००५ साली झाली. मग अरेस्टिनला न जागवता वेदना शमवणारा रेणू शोधायची धडपड सुरू झाली. २०१२ साली ग्राहीची स्फटिकरचना हाती आली. तिच्या खोबणीत संगणकावर ३० लाखांहून अधिक रेणू बसवून पाहिले गेले. निवडक २३ प्रयोगशाळेत तपासले, त्यातले ७ चिकटले. एकाला घडवत घडवत ‘पीझेडएम-२१’ तयार झाला आणि २०१६ साली जगभर गाजला. उंदरांचा श्वास त्याने फारसा मंदावत नाही, असा दावा होता. २०१८ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी पुन्हा तपासलं: श्वास मंदावतोच. २०२० साली तर मुळातला पायाच हलला. अरेस्टिन नसलेल्या उंदरांचा श्वासही मॉर्फिनने मंदावतो, असं तीन प्रयोगशाळांत आढळलं. याच धडपडीतून आलेल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालेल्या ऑलिसेरिडीन या औषधाच्या वेष्टनावरही श्वास मंदावण्याचा इशारा छापावा लागला.

अकोल्याकडचा शेतकरी पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. पिशवीवरच्या छापावर विसंबत नाही. रेणूचंही तसंच. आपल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत तापलेल्या तबकडीवर उंदीर पंजा किती वेळाने चाटतो, हे मोजतात. त्यातून वेदना शमली एवढंच कळतं. श्वासाचं काय झालं, हे कळायला श्वासमापनाचं यंत्र हवं. रेणू नेमका कोणत्या ग्राहीला चिकटला हे ठरवायला तो ग्राही धारण करणाऱ्या पेशी वाढवायला हव्यात. एकेका महाविद्यालयाला हे पेलणारं नाही.

म्हणून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना माझी कळकळीची विनंती आहे: दोघांनी मिळून वऱ्हाडासाठी ग्राही-चाचणीची एक सामाईक प्रयोगशाळा उभी करा, आणि इथल्या संशोधकांना आपले रेणू तिथे तपासू द्या.