एआय फोनमध्ये, पण कागद कुठे?

खरीप विम्याची मुदत जवळ आली की बीड जिल्ह्यात सीएससी केंद्रांवर झुंबड उडते. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. पुष्कळदा या सगळ्यांचे फोटो आधी केंद्रचालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. ते तिथून कधी पुसले जातात, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे ‘कागद फोनमध्येच वाचतो, बाहेर पाठवत नाही’ म्हणणारी एआय अ‍ॅप्स येताहेत, हे बरंच आहे. पण आठ-दहा हजारांच्या फोनात एआय मावतो कसा?

अक्षर ओळखायला मुळात फार मोठं मॉडेल लागतच नाही. या वाटेवर पहिलं पाऊल टाकलं ते जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी. एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत, मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रावरचं ह्यूबेल आणि वीझल यांचं संशोधन समोर ठेवून त्यांनी 1980 मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ मांडलं. आधी रेघा हेरायच्या, मग वळणं, मग अख्खं अक्षर. यान लकून यांच्या गटाचं 1998 मधलं ‘लेनेट-5’ त्याच धाटणीचं. त्यात शिकून साठवलेले आकडे (पॅरामीटर) जेमतेम 60 हजार. मोबाइलवर काढलेला साधा फोटोही त्याहून जास्त जागा खातो. याच क्षेत्रातल्या कामासाठी 2024 चं भौतिकीचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना गेलं. फुकुशिमांचं नाव राहून गेलं, ही माझी कायमची तक्रार.

वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावणारं भाषा-मॉडेल मात्र दांडगं. दोनशे कोटी आकडे, प्रत्येकाला 16 बिट, म्हणजे 4 जीबी. पण उसाची ट्रॉली तोलायला सोनाराचा काटा कशाला? आकडे 4 बिटांत ढोबळ करून ठेवले की तेच मॉडेल 1 जीबीवर येतं आणि काम बऱ्यापैकी भागतं. अर्थात हे वाचन छापील देवनागरीपुरतं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना निजामकालीन दप्तरांपुढे मोडी-उर्दूचे जाणकारच बसवावे लागले.

खरी मेख पुढेच आहे. अँड्रॉइड कॅमेऱ्यासाठी परवानगी विचारतं. इंटरनेटची मात्र न विचारता, इन्स्टॉल करतानाच देऊन टाकतं. फोनचा बॅकअप चालू असेल आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने मज्जाव केला नसेल, तर अ‍ॅपमधला 25 एमबीपर्यंतचा डेटा गुगलच्या खात्यावरही जातो. विमान मोडमध्ये अ‍ॅप चाललं म्हणजे एआय फोनमध्ये आहे एवढंच कळतं. मोड काढल्यावर काय बाहेर जातं, ते नाही.

म्हणून प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या परवानग्यांची यादी उघडून पाहावी. दावा खरा असेल तर अ‍ॅपने नेटवर्कची परवानगी मागूच नये. मग मॉडेल अ‍ॅपमध्येच भरून द्यावं लागेल, डाउनलोड जड होईल आणि जाहिराती दाखवता येणार नाहीत. बहुतेकांचं घोडं या शेवटच्या अटीपाशीच अडेल, असा माझा अंदाज आहे.